हाताची किंमत किती टक्के?

करी रोड स्थानकातून लालबागच्या बाजूला उतरले की ‘हातावर पोट असणे’ म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गणेशमूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर, मसाला निवडून, कुटून, चाळून देणाऱ्या दुकानातल्या बायका, चाळीच्या जिन्याखाली शिवणयंत्र मांडून बसलेला टेलर, पोळीभाजी केंद्रात सकाळपासून लाटणे फिरवणाऱ्या ताई, आणि रुळांच्या पलीकडे लोअर परळच्या काचेच्या इमारतींत दिवसभर कीबोर्डवर बोटे चालवणारी तरुण मुले, या सगळ्यांची कमाई दहा बोटांवर अवलंबून असते. यांपैकी कुणाचा हात पक्षाघाताने लुळा पडला, यंत्रात सापडला किंवा काचेने मनगटाची नस कापली गेली, तर सुरुवातीचे काही दिवस घरचे एकच विचारतात, हात वाचेल ना? हात वाचला की पुढचा प्रश्न येतो, तो पूर्वीसारखा चालेल का? आणि काही महिन्यांनी, कागदपत्रांची वेळ आली की तिसरा प्रश्न समोर येतो, डॉक्टर, किती टक्के?

दुसरा आणि तिसरा प्रश्न एकच आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टक्केवारी हाताचे नुकसान मोजते. हात चालेल का, हे ठरते त्या हाताला कोणते काम किती वेळात आणि किती सफाईने जमते यावर. गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने हा फरक पुन्हा पुन्हा अधोरेखित केला आहे. आपल्या तपासणीच्या पद्धती मात्र अजून त्या वेगाने बदललेल्या नाहीत.

न्यायालयाने उचललेला मुद्दा

वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासाठी दिव्यांग उमेदवारांना एक अट होती. दोन्ही हात शाबूत हवेत, त्यांतले स्पर्शज्ञान शाबूत हवे, ताकद आणि हालचाल पुरेशी हवी. तीत न बसणारा विद्यार्थी डॉक्टर होण्यास अपात्र ठरत असे. ‘अनमोल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात २१ फेब्रुवारी २०२५ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट दिव्यांगांच्या हक्कांशी विसंगत ठरवली. उमेदवाराचे हात कसे दिसतात यावरून निर्णय घेऊ नका, साधने आणि सोयी दिल्यावर तो काय करू शकतो ते तपासा, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये, महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ टक्केवारीचा आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे म्हणून कुणाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये अंतरिम सूचना काढल्या. उमेदवाराने आपल्या कार्यक्षमतेविषयी प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि ठरवून दिलेल्या वैद्यकीय मंडळाने तपासणी करायची, अशी ती व्यवस्था आहे.

हा वाद वैद्यकीय प्रवेशापुरता नाही. फेब्रुवारी २०२१ मधील विकास कुमार यांचा केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्धचा खटला आठवावा. या उमेदवाराला लिहिताना बोटे आखडण्याचा विकार होता. इंग्रजीत त्याला ‘रायटर्स क्रॅम्प’ म्हणतात. अशा हाताची पकड मजबूत असू शकते, स्पर्शज्ञान उत्तम असू शकते, सगळे सांधे पूर्ण हलू शकतात. पेन धरून लिहायला लागले की मात्र बोटे आणि मनगट वाकडे होऊन अडकतात. टक्केवारीच्या तक्त्यात असा हात जवळजवळ निरोगी दिसतो, कारण तक्ता मोजतो त्या गोष्टी बिघडलेल्याच नसतात. ४० टक्क्यांची मर्यादा गाठली नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

कामगारांच्या बाबतीत तर हा मुद्दा त्याहून जुना आहे. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के कमाईची क्षमता गेली, असे त्यात धरले जात असे. कारकून असो की गवंडी, आकडा तोच. कोपराच्या वरून डावा हात कापावा लागलेल्या एका सुताराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे, असा मालकाचा दावा होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरते हे नुकसान शंभर टक्के आहे, हे न्यायालयाने मान्य केले. २०१० च्या राजकुमार खटल्यात हेच तत्त्व अपघाताच्या भरपाईसाठी अधिक तपशिलाने मांडले गेले. शरीराचे अपंगत्व किती आणि त्यामुळे त्या माणसाची कमाई किती बुडाली, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात.

लालबागच्या मूर्तिकाराच्या बाबतीत परिशिष्टातली करंगळी ७ टक्क्यांची आहे. ब्रश धरलेल्या हाताची तीच करंगळी मूर्तीवर टेकू देते आणि त्या टेकूवर डोळ्याची रेघ स्थिर राहते. तो टेकू गेला तर जाते ते त्याचे सगळ्यात जास्त मजुरीचे काम.

टक्के निघतात कसे?

दिव्यांग प्रमाणपत्राची पद्धत सरसकट चुकीची आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती एकदा समजून घेतली पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्याखाली अपंगत्व मोजण्याच्या सूचना २०१८ मध्ये निघाल्या आणि २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. हाताची मूळ मांडणी मात्र त्याआधीपासूनच चालत आली आहे. तिचे दोन भाग आहेत. एक दंडाचा, म्हणजे खांदा, कोपर आणि मनगटाचा, आणि दुसरा पंजाचा.

दंडाच्या भागात सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद आणि समन्वयाची कामे पाहतात. समन्वयासाठी दहा कामे ठरलेली आहेत: डोक्यावरच्या फळीवरची वस्तू काढणे, नाकाला हात लावणे, आपल्या पद्धतीने हाताने जेवणे, केस विंचरून वेणी घालणे, सदरा घालणे, शौचाची स्वच्छता, पेल्याने पाणी पिणे, बटणे लावणे, नाडी किंवा धोतर बांधणे आणि लिहिणे. प्रत्येकाला ९ टक्के. ही यादी आपल्याकडच्या घरांतली आहे, काट्याचमच्यांची नाही, हे तिचे मोठे बळ आहे.

पंजाच्या भागात पकड, स्पर्शज्ञान आणि ताकद या तिघांना प्रत्येकी ३० टक्के आहेत. पकडीचेही प्रकार पाडले आहेत. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला टेकतो का, किल्ली धरता येते का, जाडा आणि बारीक दांडा मुठीत मावतो का, मोठा आणि छोटा चेंडू धरता येतो का, पिशवीचा बंद चार बोटांवर अडकवून उचलता येतो का. लोकलच्या कडीला धरून उभे राहतो ती हीच शेवटची, आकड्यासारखी पकड.

मग दोन्ही भागांचे आकडे एकत्र करतात. ते सरळ मिळवले जात नाहीत. मोठा आकडा आधी धरायचा आणि नव्वदातून जे उरले त्यातला लहान आकड्याचा वाटा त्यात घालायचा. पंजाचे ४५ आणि दंडाचे ३० टक्के असतील, तर उत्तर ७५ येत नाही, ६० येते. ४० टक्के किंवा अधिक आले की शासकीय नोकरीतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणाचा दरवाजा उघडतो. ३९ आले तर तो बंद.

या संपूर्ण मोजणीत एक गोष्ट कुठेच नाही. घड्याळ. बटण लागले का, एवढे विचारले जाते. किती वेळात लागले, किती वेळा निसटले, दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली का, दहावे बटण पहिल्याइतके सहज लागले का, याची नोंद होत नाही. एखाद्याला सदऱ्याची पाच बटणे लावायला पाच मिनिटे लागली, तरी कागदावर ते काम ‘जमते’. शिलाईच्या कारखान्यात नगावर मजुरी घेणाऱ्या बाईसाठी मात्र जमणे आणि वेळेत जमणे यांतच महिन्याचे भाडे असते.

सेकंद काय सांगतात?

हातातल्या या सफाईला मराठीत चटकन एक शब्द सापडत नाही. ‘हातचलाखी’ म्हटले की पाकीटमार आठवतो. वैद्यकात तिचा अर्थ साधा आहे: लहान वस्तू बोटांनी नेमकी उचलणे, बोटांतल्या बोटांत फिरवणे आणि हवी तिथे वेळेत ठेवणे. ती मोजायची साधनेही साधीच आहेत.

सर्वांत प्रचलित चाचणीत नऊ भोके असलेली एक फळी आणि नऊ छोट्या खुंट्या असतात. एकेक खुंटी उचलून भोकात घालायची, नऊ झाल्या की एकेक काढून परत वाडग्यात टाकायची. पूर्ण वेळ स्टॉपवॉचने मोजायचा. निरोगी प्रौढ माणसाला साधारण १७ ते २१ सेकंद लागतात, वय वाढते तसा वेळही थोडा वाढतो. दुसऱ्या चाचणीत मध्ये आडवी भिंत असलेली एक पेटी असते. एका बाजूचे अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे एकेक उचलून भिंतीपलीकडे टाकायचे, एका मिनिटात किती गेले ते मोजायचे. बोटांची बारीक हालचाल अजून आलेली नसते तेव्हाही ही चाचणी जमते, म्हणून पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत ती जास्त उपयोगी पडते. १९६९ मध्ये जेबसेन आणि सहकाऱ्यांनी सात कामांची चाचणी मांडली. लिहिणे, पाने उलटणे, नाणी आणि झाकणे अशा लहान वस्तू उचलणे, चमच्याने राजमा उचलणे, सोंगट्या रचणे आणि हलके व जड डबे हलवणे.

यांपैकी एका चाचणीचा इतिहास गिरणगावाला ओळखीचा वाटेल. खुंट्या, वॉशर आणि कॉलर जोडण्याची ‘पर्ड्यू पेगबोर्ड’ ही चाचणी १९४८ मध्ये अमेरिकेत जोसेफ टिफिन यांनी तयार केली, ती कारखान्यासाठी कामगार निवडायला. कुणाची बोटे जलद चालतात ते पाहून कुणाला घ्यायचे आणि कुणाला परत पाठवायचे हे ठरायचे. पुढे तीच फळी पुनर्वसन विभागात आली. ज्या मोजपट्टीने माणसे गाळली जायची, तीच आता गेलेला हात किती परत आला हे दाखवते. प्रमाणपत्राच्या टक्क्यांबाबतही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोजणी कुणासाठी आणि कशासाठी होते, त्यावर ती माणसाच्या बाजूने की विरुद्ध, हे ठरते.

सेकंदांचा खरा उपयोग तुलनेत आहे. मार्चमध्ये ६२ सेकंद, मेमध्ये ४४, ऑगस्टमध्ये ३१, अशी नोंद असेल तर उपचार लागू पडत आहेत हे रुग्णालाही कळते. लहानसहान चढउतार रोजच्या थकव्यानेही होतात. म्हणून किती फरक खरा मानायचा याचेही अंदाज ठरलेले आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत नऊ खुंट्यांच्या वेळेत २० टक्के फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात. पक्षाघाताच्या रुग्णांत ठोकळ्यांची संख्या मिनिटाला सहाच्या आसपास वाढली तर सुधारणा खरी म्हणता येते. ‘थोडे बरे वाटते’ आणि ‘बरे होत आहे’ यांतला फरक असा आकड्यात धरता येतो.

ताकद आहे, स्पर्श नाही

नुसत्या वेगावरही भिस्त ठेवता येत नाही. ताकद, स्पर्श आणि सफाई या हाताच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक शाबूत असून दुसरी गेलेली असू शकते.

याचा सर्वांत कठोर धडा कुष्ठरोगाने दिला. जंतूंनी नसा निकामी केल्या की हाताला ताकद असूनही चटका कळत नाही. तव्याची कड, विडीचे टोक, गरम कप, काहीच जाणवत नाही आणि जखमांवर जखमा होऊन बोटे झडतात. बोटे रोगाने आपोआप गळून पडत नाहीत, संवेदना गेल्यामुळे होणाऱ्या दुखापतींनी ती जातात, हे वेल्लोरचे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवले. मुंबईत वडाळ्याचे अॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून या रुग्णांसाठी आहे. कुष्ठरोग्यांच्या हातांवरील पुनर्रचना शस्त्रक्रियांसाठी जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशिर अँटिया यांनी केलेले काम तर जगभर ओळखले गेले. या क्षेत्रात नायलॉनच्या वेगवेगळ्या जाडीच्या तंतूंनी त्वचेवर हलका दाब देऊन स्पर्श तपासतात. कोणता तंतू कळतो आणि कोणता नाही, याची नोंद ठरावीक दिवसांनी घेतली तर नस बिघडू लागल्याचे वेळीच समजते आणि औषध देता येते.

कापलेली नस शिवल्यानंतरही हीच सवय लागते. शिवलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटाजवळ नस कापली असेल तर बोटांच्या टोकापर्यंत स्पर्श पोहोचायला सहा महिने सहज जातात. दुसऱ्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून व्यायाम सोडून देणारे रुग्ण पुष्कळ असतात. नस कुठपर्यंत पोहोचली हे तपासून दाखवले तर ते सोडत नाहीत. डोळे मिटून नाणे, किल्ली, बटण, खिळा अशा वस्तू उचलायला आणि ओळखायला सांगणारी स्वीडिश शल्यविशारद मोबर्ग यांची चाचणी १९५८ ची आहे. तिला लागणारे साहित्य कुठल्याही घरातल्या डब्यात सापडते.

ताकद मोजताना आणखी एक काळजी हवी. मुठीची ताकद डायनॅमोमीटरवर किलोग्रॅममध्ये मोजतात आणि सरासरीशी ताडून पाहतात. सरासरी कुणाची? २१ देशांतल्या सव्वा लाख निरोगी प्रौढांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत युरोप-अमेरिकेतील लोकांची मूठ सर्वांत मजबूत आणि दक्षिण आशियातील लोकांची सर्वांत कमी मजबूत गटांत आढळली. परदेशी तक्ता जसाच्या तसा लावला तर इथल्या निरोगी बाईचा हातही दुबळा ठरतो, आणि खरोखर दुबळ्या हातातला फरक झाकला जातो. म्हणून शक्य तिथे रुग्णाचा दुसरा, निरोगी हात हाच तुलनेचा पहिला आधार धरावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा हात थोडा सरस असणार, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

तपासणीतला हात आणि घरातला हात

पक्षाघाताच्या पुनर्वसनात एक चमत्कारिक गोष्ट नेहमी दिसते. तपासणीच्या टेबलावर रुग्ण आजारी हाताने पेला उचलून दाखवतो. घरी मात्र तोच हात मांडीवर पडून असतो आणि सगळी कामे दुसरा हात करतो. सुरुवातीच्या आठवड्यांत आजारी हात वापरून पाहिला की अपयश येते, वस्तू पडतात, घरातले ‘राहू दे, मी करते’ म्हणतात. हळूहळू मेंदू तो हात वापरायचाच सोडून देतो. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांनी या सवयीचा अभ्यास केला आणि तिच्यावर उलटा उपाय काढला. चांगला हात दिवसातला बराच वेळ मोज्यात बांधून ठेवायचा आणि आजारी हाताकडून रोज तासन्‌तास खरी कामे करून घ्यायची. बोटे आणि मनगट थोडे तरी उघडू शकणाऱ्या निवडक रुग्णांत याचा फायदा होतो, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले.

म्हणजे मोजायच्या गोष्टी दोन झाल्या: हाताला काय करता येते आणि हात प्रत्यक्षात काय करतो. दुसरी गोष्ट फक्त घरच्यांना विचारूनच कळते. चहाचा कप कुठल्या हातात असतो? दाराची कडी कोण काढते? भाजी निवडताना दुसरा हात काय करत असतो? प्रमाणपत्राच्या दिवशीच्या दहा मिनिटांत हे दिसत नाही.

वेळेलाही महत्त्व आहे. नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पक्षाघातानंतर दुसऱ्या दिवशी ज्यांना बोटे थोडी उघडता आणि दंड बाजूला थोडा उचलता येत होता, त्यांच्यापैकी जवळपास सर्वांना सहा महिन्यांनी हाताचा काही ना काही वापर करता येण्याची शक्यता होती, ९८ टक्के. ज्यांना या दोन्ही हालचाली जमत नव्हत्या त्यांच्यात ती २५ टक्के होती, आणि नवव्या दिवशीही जमल्या नाहीत तर १४ टक्के. या तपासणीला यंत्र लागत नाही. खाटेजवळ उभे राहून ‘बोटे उघडा, हात बाजूला उचला’ एवढे सांगावे लागते. तरीही अनेक केसपेपरांवर ‘उजव्या बाजूला कमजोरी’ यापलीकडे हाताविषयी एक ओळही नसते. पहिल्या आठवड्यात नोंद नसेल तर सहाव्या महिन्यात तुलना कशाशी करणार?

परळला हे नवे नाही

करी रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, परळच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू झाली. आशियातली ती पहिली. ती उभी केली कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकी असलेल्या या बाई लग्नानंतर भारताच्या झाल्या, या विषयाचे शिक्षण घेऊन आल्या आणि इथे एक नवा व्यवसाय रुजवला. १९५५ मध्ये हाजी अलीला भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हाच, त्यांच्या शेजारी, बिघडलेल्या हाताला पुन्हा कामाला लावण्याचे शास्त्र शिकवले जात होते.

ऑक्युपेशनल थेरपिस्टचे काम नेमके हेच आहे. रुग्णाचा हात तपासायचा, त्याचे काम समजून घ्यायचे, आणि या दोहोंमधली दरी व्यायामाने, आधारपट्टीने, अवजाराची मूठ जाड करून किंवा कामाची पद्धत बदलून कमी करायची. पण सर्वसामान्य रुग्णाला हा तज्ज्ञ माहीत नसतो, आणि बऱ्याच जिल्ह्यांत तो सहज मिळतही नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळात निर्णय डॉक्टरांचा असतो. हाताचे काम बारकाईने पाहायला शिकलेला माणूस त्या टेबलाशी असतोच असे नाही. संबंधित आरोग्य व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा २०२१ मध्ये आला आणि या व्यवसायाला कायद्याने ओळख मिळाली. आता त्या ओळखीला कामाची जागाही मिळायला हवी.

काय बदलता येईल?

न्यायालयाने ‘कार्यक्षमता तपासा’ म्हटले आणि मंडळांनी जुन्याच फॉर्मवर नवा शिक्का मारला, असे होण्याचा धोका खरा आहे. प्रतिज्ञापत्रात ‘मी अमुक काम करू शकतो’ असे लिहून घेणे ही कार्यक्षमतेची तपासणी नव्हे. ती व्हायची असेल तर चार गोष्टी लागतील, आणि त्यांतली एकही महागडी नाही.

पहिली, टक्केवारीच्या शेजारी एक पान कामाचे असावे. नऊ खुंट्यांचा किंवा ठोकळ्यांचा आकडा दोन्ही हातांचा, स्पर्शाची नोंद, आणि कोणती कामे स्वतःहून, कोणती साधनाच्या मदतीने, कोणती अजिबात नाही, याच्या दहा ओळी. दुसरी, ही मोजणी तारखेसह पुन्हा व्हावी, कारण पहिल्या दोन महिन्यांतला हात आणि वर्षानंतरचा हात हे वेगळे असतात. तिसरी, रुग्ण काय काम करतो हे फॉर्मवर लिहिलेले असावे आणि शक्य असेल तर त्या कामाचा एखादा तुकडा समोर करून पाहावा. टेलरला सुई ओवायला सांगावी, ड्रायव्हरला किल्ली फिरवायला, भावी डॉक्टरला स्टेथोस्कोप आणि सिरिंज हाताळायला, हवे तर बदललेल्या मुठीच्या साधनासह. चौथी, मंडळात किंवा त्याच्या आधीच्या पायरीवर ऑक्युपेशनल थेरपिस्टचे मत घेतले जावे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सेकंदांच्या चाचण्या माणसाच्या प्रयत्नावर अवलंबून असतात. ज्याला जास्त टक्के हवे आहेत तो मुद्दाम सावकाश करेल. हे होऊ शकते. मुठीची ताकद मापकाच्या वेगवेगळ्या रुंदीवर घेतली आणि मोजणी पुन्हा पुन्हा केली तर विसंगती बऱ्याचदा लक्षात येते. पण विसंगती म्हणजे लबाडी नव्हे. वेदना, भीती आणि थकवा यांनीही आकडे हलतात. आणि प्रयत्नावर अवलंबून असणे हा दोष आजच्या पद्धतीतही आहे. स्नायूंची ताकद आजही ‘जोर लावा’ असे सांगूनच मोजतात. तारखावार नोंदींची मालिका फसवणे एका दिवसाच्या तपासणीला फसवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. भीती अधिक ती उलट्या बाजूची आहे. खरोखर अडलेला हात एका तक्त्यात ‘जमते’ म्हणून निसटतो आणि त्याची कुठे नोंदच राहत नाही.

रुग्णांनी आणि घरच्यांनीही काही गोष्टी मागून घ्याव्यात. पक्षाघात, नस किंवा टेंडनची दुखापत, मोठा भाजलेला हात, यांपैकी काहीही असेल तर रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच पुनर्वसन विभागाची चिठ्ठी मागावी. प्रत्येक भेटीत हाताचा आकडा आणि तारीख आपल्या वहीत लिहून घ्यावी. पुढे नोकरीच्या, भरपाईच्या किंवा प्रमाणपत्राच्या वेळी हीच वही सर्वांत भक्कम पुरावा ठरते. हात बधिर असेल तर गॅसजवळ आणि गरम भांड्यांपाशी तो डोळ्यांनी सांभाळावा. आणि घरी, वेळ लागला तरी, आजारी हाताला त्याचे काम करू द्यावे. मटार सोलणे, कपड्यांना चिमटे लावणे, नाणी मोजून डब्यात टाकणे हे उत्तम व्यायाम आहेत आणि सगळ्या स्वयंपाकघरांत फुकट मिळतात.

टक्केवारी लागेलच. सवलती, आरक्षण आणि पेन्शन यांना कुठेतरी एक रेघ आखावी लागते आणि त्या रेघेला आकडा लागतो. पण तो आकडा त्या माणसाच्या हाताविषयी शेवटचा शब्द ठरू नये. ४० टक्के लिहिलेल्या दोन प्रमाणपत्रांमागे एक कामावर परतू शकणारा टेलर आणि दुसरा कधीही न परतू शकणारा सुतार असू शकतो. त्या दोघांना वेगळे ओळखायला नऊ भोकांची एक फळी, एक घड्याळ आणि रुग्णामागे पंधरा मिनिटे लागतात.